मागाच्या खोलीची घरपट्टी

भवानी पेठेतल्या आमच्या घरातले दोन यंत्रमाग भंगारात गेले, त्याला बरीच वर्षं झाली. पण त्यांची घरपट्टी अजून आमच्या मानेवर आहे. राहत्या घराचा दर वेगळा, कारखान्याचा वेगळा, आणि कारखान्याचा आकडा ऐकला तर तुमचे डोळे पांढरे होतील. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, नोटीस मात्र वेळेवर! पालिकेच्या तिजोरीत खडखडाट आहे म्हणतात. असेल बाई. आमच्या डब्यात तरी काय वेगळं वाजतंय? पण खरं सांगते, या प्रकरणात पालिकेचं काही चुकलेलं नाही. खोटं मी बोलले होते.

वडील गेले, घर अम्माच्या नावावर झालं, त्याच वर्षीची गोष्ट. आम्हा विणकरांत स्थळ बघताना मुलीच्या रंगाआधी विचारतात, माग किती? स्वतःचा माग असला की कारखानदार, नसला की दुसऱ्याच्या मागावरचा कामगार. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी आम्ही घरात पुढं असलेल्या मागाच्या खोलीला कुलूप घातलं होतं. आत फरशीवर तेलाचे डाग आणि माग उखडताना पडलेले खड्डे, बस. खडखड का ऐकू येत नाही असं कुणी विचारलंच, तर लाइट गेलीय म्हणायचं ठरलं होतं. म्हणून मी सकाळीच मेन स्विच पाडून ठेवला. मे महिना, पंखा बंद, पाहुणे घामाघूम. आणि नेमका तेव्हाच घरपट्टीसाठी घरांची मोजणी करणारा पालिकेचा माणूस वही घेऊन दारात उभा!

"माग चालू आहेत का बंद?" त्यानं भर पाहुण्यांत विचारलं.

"चालू आहेत की," मी म्हणाले. "आज लाइट नाही बघा."

त्यानं लिहून घेतलं. पाहुण्यांनी होकार दिला. अम्मा तर उत्साहाच्या भरात बोलून गेली, पुढंमागं एक माग जावयालाच देऊ म्हणून. पाहुणे गेल्यावर आम्ही तिघी पोट धरून हसलो. बडा घर पोकळ वासा, असं म्हणत अम्मा डोळे पुसत होती.

नंतर जाऊन दुरुस्ती करता आली असती. पण 'माग बंद' लिहायचं तर पाहणीला माणूस येतो, खोली उघडून बघतो, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतो. आणि धाकटीची नणंद नवऱ्याबरोबर भाड्यानं राहायला आली ती आमच्या समोरच्याच घरात. तिला आम्ही सांगितलं होतं, मंदी आहे, माग झाकून ठेवलेत. बोळातल्या जुन्या लोकांना खरं माहीत होतं, पण लेकीच्या लग्नाचा मामला, कुणी तोंड उघडलं नाही. आम्हीही पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू करत राहिलो.

मी टॉवेलच्या कडा शिवते. डझनावर पैसे. त्यात ज्वारी, तेल, गॅस आणि लाइटबिल भागवताना महिन्याची वीस तारीख उजाडत नाही तोच हात आखडतो. अम्माला साखरेचा आजार. गोळ्या चुकल्या तर डोळ्यांवर येईल, असं डॉक्टरनं बजावलेलं. एक गोळी सरकारी दवाखान्यात मिळते, दुसरी बाहेरून आणावी लागते. ती गोळी अम्मा आपल्या निराधारच्या पगारातून आणायची. विधवा म्हणून सरकारकडून मिळणारे ते पैसे तिचे स्वतःचे होते. त्यातून गोळ्या आणायला ती पदर खोचून स्वतः दुकानात जायची, मला आणू द्यायची नाही.

यंदा पगार चालू ठेवायच्या कागदांत घरपट्टीची पावती मागितली. पावतीवर लिहिलेलं, यंत्रमाग कारखाना, आणि मालक म्हणून अम्माचं नाव. खिडकीतला कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून विचारलं, "आजी, कारखान्याच्या मालकिणीला निराधारचा पगार कसा द्यायचा, तुम्हीच सांगा." पगार थांबला.

मी पाहणीसाठी अर्ज केला. अम्मा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "धाकटीचा नवरा आधीच माग कधी देता म्हणून कुरकुरतोय. खोली रिकामी निघाली तर तिची सासू तिला जगू देईल का?"

"आग लागो त्या मागाला!" मी ओरडले. "तू आधी जग की!"

पाहणीच्या सकाळी अम्मा मागाच्या खोलीच्या दाराला पाठ लावून पायरीवर बसली. समोर गॅलरीत धाकटीची नणंद कपडे वाळत घालत होती. एकच साडी तिनं तीनदा झटकली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण अम्मा मुद्दाम मराठीत, बोळाला ऐकू जाईल अशी बोलली. "खोली उघडायची नाही. आत माझे माग आहेत. परक्याला दाखवत नाही मी."

पालिकेचा माणूस उन्हात उभा. तो माझ्याकडे वळला. "ताई, अर्ज तुम्हीच केलाय ना? आत माग आहेत का नाहीत?"

दुसरी किल्ली माझ्या मुठीत होती. अम्मा माझ्याकडे बघत होती. आयुष्यात कुणापुढं हात न पसरलेली बाई, आणि त्या क्षणी तिचे डोळे भीक मागत होते. इतका राग मला कुणाचा कधी आला नाही, आणि इतकी कीवही. मी मान खाली घातली. त्यानं 'पाहणीस नकार' असं लिहून अम्माची सही घेतली.

बाहेरची गोळी मी माझ्या मजुरीतून आणली, तर अम्मा ते पाकीट दुकानात परत देऊन तेल घेऊन आली. हट्टानं पुन्हा आणली, तर एक दिवस घेते, एक दिवस लपवते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. धाकटीचा फोन आला की अम्मा हसून बोलते, मस्त आहे मी म्हणते.

परवा कामावरून आले. अम्मा गॅसपाशी भाकरी थापत होती. मी तिच्यापासून दोन हातांवर येऊन उभी राहिले, तसा तिनं पिठाचा हात कपाळावर धरला, डोळे बारीक केले आणि मराठीत विचारलं, "कोण पाहिजे?"