उत्तर आलं की आत जायचं

आमच्या सांता फेलिसितास गावात दोन्या लेओकादियाला नावाने कुणी ओळखत नसे. ती नुसती 'आवाज'. तरुणपणी, राजधानीच्या सिनेमावाल्यांनी टेकडीवरच्या निळ्या घरात भुताचा सिनेमा काढला, तेव्हा ती त्यांची भांडी घासायला जायची. त्या सिनेमात भूत दिसतच नाही. नायक रिकाम्या घराच्या दारात आमच्या रीतीने हाक देतो, "आवे मारिया पुरिसिमा!", म्हणजे परमपवित्र मारियेला वंदन, आणि आतून एक बाई आदबीने म्हणते, "सिन पेकादो कोन्सेबिदा", म्हणजे पापाविना गर्भात आलेली. बस्स! एवढ्यावर अख्ख्या गावाची बोबडी वळली होती. उत्तर आलं की उंबरा ओलांडायचा, नाही ओलांडला तर त्या घराचा अपमान, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ते उत्तर लेओकादियाचं. त्या एका वाक्यावर तिने जन्म काढला. बाजारात मक्याच्या पानात उकडलेले तामाले विकताना गिऱ्हाईक म्हणायचं, "म्हणा ना एकदा!" मग ती शाल सावरून म्हणायची, आणि माणसं अंगावरचा काटा चोळत तामाले घ्यायची. निळ्या घराकडे मात्र कुणी फिरकलं नाही. तीही नाही.

यंदा तोच सिनेमा कुणीतरी नव्याने काढला. रविवारी दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात दाखवला. लेओकादिया नवीन कानातलं घालून माझ्या आणि माझ्या लेकीच्या, येसेनियाच्या मध्ये बसली. अरे देवा! छतावरून पालीसारखी सरपटणारी पांढऱ्या डोळ्यांची बया, कान फाटतील असा आरडाओरडा, आणि निळं घरसुद्धा खोटं. हाक नाही, उत्तर नाही. लोक मिरची लावलेल्या लाह्या खात खिदळत होते. मला संताप आला.

"आई, याला घाबरत होतात तुम्ही?" येसेनिया हसून म्हणाली. आणि आठवड्याच्या आत तिने निळं घर भाड्याने घ्यायचं ठरवलं. खाली खानावळ, वर संसार. पोरगी पोटुशी, त्यात हट्टी.

लेओकादिया तिची बाप्तिस्म्याची आई, माद्रिना. बातमी कळताच ती धापा टाकत आमच्याकडे आली.

"त्या घरात जाऊ नकोस, पोरी. तो आवाज माझा नव्हता."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"सिनेमावाले मला म्हणाले, मागच्या दाराने आत जा आणि खोलीतून उत्तर दे. मी सवयीने दारात हाक दिली. घरात कुणी नव्हतं गं ओतिलिया. तरी उत्तर आलं. मी उंबरा न ओलांडताच पळत सुटले. त्यांच्या यंत्रात ते उमटलं, आणि सगळे मलाच शाबासकी द्यायला लागले. मी गप्प राहिले."

येसेनिया खो खो हसली. "माद्रिना, नव्या सिनेमात तुम्हाला घेतलं नाही म्हणून रुसलात होय?"

लेओकादियाचा चेहरा पडला. जन्मभराचा मान तिने पोरीसाठी ओवाळून टाकला, आणि पोरीला ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी येसेनिया मला घर दाखवणार होती. मी आधीच पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. जिभेला वळणच तसं. हाक तोंडातून निघून गेली.

"सिन पेकादो कोन्सेबिदा."

मला हसू आलं. म्हातारी पोरीला घाबरवायला आत दडून बसली तर! "पुरे झाली सोंगं, बाहेर या," मी ओरडले.

"आई, आत कोण आहे?" मागून आवाज आला. चढण चढून येसेनिया येत होती, आणि तिचा हात धरून लेओकादिया.

दोघींनीही उत्तर ऐकलं होतं. येसेनियाने पोटावर हात ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"हाक मी दिली," मी कशीबशी म्हणाले. "मग आत..."

"तू नाही," लेओकादिया म्हणाली. "माझी आधीची राहिलीय."

शाल सावरून, दार ढकलून ती आत गेली. आम्ही मायलेकी एकमेकींना घट्ट धरून उभ्या होतो. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. देवाची करुणा भाकत होते मी. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

ती बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. येसेनियाच्या हातातली किल्ली काढून घेऊन तिने दाराला कुलूप घातलं.

"कोण होतं, माद्रिना?"

"मान वर करून बघितलं नाही. बसले, क्षमा मागितली, उठले. भाडेकरू ठेवायचे नाहीत म्हणाली."

येसेनियाची खानावळ आता बाजारात आहे. लेओकादिया ते वाक्य गिऱ्हाइकांपुढे पुन्हा कधी म्हणाली नाही. ज्याचं त्याला परत दिलं, म्हणते. मी रोज तिच्याकडे सूप घेऊन जाते, आणि दार नुसतं बोटांनी वाजवते.

"अगं, हाक मार की!" ती आतून खेकसते. "इथे मीच आहे!"

असेलही. मी वाजवतच राहते, ती स्वतः येऊन दार उघडेपर्यंत.