माझ्याशिवायचा जोडीचा फोटो कोणाकडं आहे?

चारशे माणसं माझ्या ज्योतीच्या लग्नात जेवून गेली, अन् आज वकील मला म्हणतो, हे लग्न खरं आहे याचा पुरावा कमी पडतोय.

जावई पीटर कॅनडात परत गेलाय. ज्योतीला तिकडं बोलावायचा अर्ज त्यानं भरलाय, त्याला लग्नाचे फोटो लागतात. म्हणून मी अल्बम घेऊन बुऱ्हाणपूरला गेले. वकिलानं सगळी पानं उलटली. "काकू, नवरा-नवरी दोघंच आहेत असा एक तरी दाखवा."

मी पाहिलं. प्रत्येक फोटोत दोघांच्या मधी एक बाई. ती मीच. मोठ्यांपुढं चिकटून उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी मधी घुसत होते. फेऱ्यांत पण पदर सावरायला मीच.

पीटरला फोन लावला. तो तोडक्या हिंदीत म्हणाला, "आई, ऑफिसवाले समझेंगे मेरी शादी आपसे हुई." ज्योती हसून लोळली. मला पण हसू आलं, काय करू.

पण पोरगी अडकलीय. दापोऱ्याला लग्नाच्या मंडपात तुम्ही सगळे मोबाइल घेऊन फिरत होता. ज्याच्याकडं दोघांचाच फोटो असेल त्यानं रविवारपर्यंत पाठवा. नसेल तर नाही म्हणून ग्रुपवर लिहा, नुसता अंगठा टाकू नका.