उतारावरच्या परबबाई

मोटर चिपला जोडण्याआधी परबबाई तिच्या शाफ्टवर बोट ठेवून डोळे मिटून बसायच्या. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला आमचा गाळा. दुपारी पंखा घरघरायचा, खिडकीवरून विमानं उतरायची, आणि आमच्या या ज्येष्ठ इंजिनिअर बाई कुठेतरी दूर गेलेल्या. मी नवा होतो. मला वाटलं, लागला डोळा. "निजाक नाय रे मी," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "वायर तुटली तर मोटार काय करतली, ता बघतंय."

आम्हाला त्या नेहमी सांगायच्या, "चालवूक कोणाकय येता. थांबवूक शिक."

तेव्हा आम्ही मोटरवर चालणारी चाकांची खुर्ची करत होतो. पहिली खुर्ची बाईंच्याच घरी, मुलुंडला जायची होती. पाय गेल्यापासून बाईंचे यजमान परबकाका घरातच होते, आणि त्यांच्या सोसायटीचा उतार थेट रस्त्यावर उतरायचा. मोटर चालवणारी आमची चिप दोन तऱ्हांनी वापरता येई. पहिलीत दोन्ही पिनांवरचा हुकूम थांबला की मोटर मोकळी सुटायची. दुसरीत एक पिन दिशा सांगायची, दुसरी वेग. वेगाची पिन गप्प झाली की मोटर जागच्या जागी धरली जायची. मी पहिली निवडली. तिच्यात खुर्ची होडी काठाला लागावी तशी अलगद थांबायची, आणि मी त्या थांबण्याच्या प्रेमातच पडलो होतो. सपाट फरशीवर त्यात खोट कशी दिसणार?

बाईंनी खुर्ची इस्टेटच्या माल चढवायच्या उतारावर नेली. स्वतः बसल्या, अर्ध्यावर चढल्या आणि चिपला हुकूम नेणारी वायर उपटली. खुर्ची मागे घसरू लागली. मी धावत जाऊन ती दोन्ही हातांनी धरली. बाई मात्र शांत. "ह्येंका धरूक रोज येतलस काय मुलुंडाक?"

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. त्याच दुपारी मी सगळी जोडणी बदलून दुसऱ्या तऱ्हेची केली, आणि बाई पुन्हा उतारावर जाऊन बसल्या. या वेळी वायर उपटूनही खुर्ची हलली नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मुलुंडला भेटायला गेलो, तर परबकाका उतारावर मधोमध थांबलेले, हात मांडीवर. मी घाबरून विचारलं, "काका, इथे का थांबलात?"

"हय बरा वाटता रे," ते म्हणाले. "हात सोडलंय तरी खुर्ची जाणा नाय. पाठसून तिना धरल्यान हा, असा वाटता."