पिन काढलेला स्कॅनर

भूतबित म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, असं मी कॉलर ताठ करून सांगायचो. कॉम्प्युटरवाला माणूस ना मी! हसायचं तर हसा... पण आधी ऐका.

शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांचे अन् लोडशेडिंगचे ते दिवस. अकोल्याच्या एका खासगी ऑफिसात मी स्कॅनिंगचं नेटवर्क सांभाळायचो. अकोटच्या ब्रँचमध्ये सलीमभाई कागद स्कॅन करायचे, अन् पानं थेट माझ्या सर्व्हरवर, अकोटच्या फोल्डरमध्ये येऊन पडायची. वीज परत येताना झटका देते, त्यात एक मशीन जळालं होतं. म्हणून माझी सक्त ताकीद होती – लाइन गेली की आधी बोर्डातून मशीनची पिन काढायची, मग चहाला जायचं.

त्या दुपारी फोल्डरमध्ये एक पान आलं. काचेवर दाबलेला हाताचा पंजा. करंगळी अर्धीच. मग दुसरं पान... तिसरं. तोच पंजा!

मी फोन लावला. "काय सलीमभाई, कोणाचा हात स्कॅन करून राहिले? मजाक सुचते तुमाले?"

"कायचा हात? मी टपरीवर चहा पिऊन राहिलो भाऊ. लाइन नाही. पिन मीच काढली, कुलूपबी लावलं."

फोन कानाला असतानाच चौथं पान आलं. मशीन चालू आहे का म्हणून इथून पिंग करून पाहिलं – उत्तर नाही. मी ते पान स्क्रीनवर मोठं करून पाहिलं.

"सलीमभाई... करंगळी अर्धी आहे हो."

सलीमभाई हळूच म्हणाले, "अब्बाची करंगळी कापसाच्या जिनिंगमंधी कटली होती. पण त्याइले जाऊन लय वर्षं झाली... थांबा, पाहूनच येतो."

"जाऊ नका!" मी ओरडलो. कावून ओरडलो, माझं मलाच माहीत नाही. "तुमाले लेकराची आन आहे, बाहेरच थांबा!"

ते चिडले, मला येड्यात काढलं, पण थांबले. आमची हुज्जत सुरूच होती अन् फोनमधून धाडकन आवाज आला. लोकांचा आरडाओरडा. मग सलीमभाई, रडक्या आवाजात, "या अल्ला... आपल्या ऑफिसचा स्लॅब पडला भाऊ!"

मॉडेम बंद, मशीन बंद, दाराला कुलूप. मग ती पानं आली कुठून? मशीनच्या इंजिनिअरला विचारलं, तो हसला.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई अकोल्याला आले. अब्बांचा एकही फोटो घरात नव्हता, म्हणून त्यांनी एक प्रिंट मागितली. मी काढून दिली. त्यांनी त्या पंजावर आपला पंजा ठेवला अन् लेकरासारखे रडले. मी दाराशीच उभा होतो. जवळ जायची माझी हिंमत झाली नाही.