जिन्याच्या तळाशी वसुधाताई

फोन आला तेव्हा माझ्या काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. नातवाला स्पीड पोस्टनं गजकाचा, इथल्या तिळाच्या मिठाईचा, डबा पाठवायचा होता आणि पिनकोड काही केल्या आठवत नव्हता. मी तो शोधत होते. मोबाइलवर प्रकाशचं नाव दिसलं. प्रकाश म्हणजे वसुधाताईंचा धाकटा भाऊ. तो मला एरवी कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. "अंजलीताई, ताई गेली. सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली, आणि... उठलीच नाही." मी "बरं" म्हणाले. खरंच, तेवढंच म्हणाले. मग त्या गृहस्थांचा पिनकोड शोधून काढला, डब्याचं वजन केलं, पावती दिली, आणि शेजारच्या सहकाऱ्याला काउंटर बघायला सांगून मागच्या खोलीत जाऊन बसले. तिथून ऋचाला, माझ्या मुलीला, इंदूरला फोन लावला. ती तिकडे शिकते. ती म्हणाली, "आई, तू आत्ता जयेंद्रगंजला जा, त्यांच्या घरी. मी मिळेल त्या गाडीनं निघते."

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. वसुधा दामले हे नाव ग्वाल्हेरबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. इथल्या लश्कर भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मुलांच्या मनाच्या आजारांसाठी एक छोटं केंद्र आहे. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला एक खोली, एवढाच त्याचा विस्तार. त्या खोलीत त्या वीसेक वर्षं मानसतज्ज्ञ म्हणून काम करत होत्या. त्यांच्याविषयी लिहायचं तर ऋचाच्या आजाराविषयी लिहावं लागणार, म्हणून मी आधी तिलाच विचारलं. "लिही की," ती म्हणाली, "आणि माझं नाव बदलू नको. मी काही चोरी थोडी केली होती?"

ऋचा तेरा वर्षांची असताना तिचं हात धुणं सुरू झालं. म्हणजे आमच्या लक्षात तेव्हा आलं. दाराची कडी धरली की हात धुवायचे, वहीला हात लागला की धुवायचे, धुऊन नळ बंद केला की नळाला हात लागला म्हणून पुन्हा धुवायचे. शाळेत तिच्या वह्यांची पानं ओली असत. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं एकुलती एक आहे, हट्टी झाली. मी स्वतः रागावले, एकदा हातही उगारला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि व्हरांड्याच्या टोकाची ती खोली दाखवली. आत कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या एक उंच बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. मी सांगायला लागले, "हिला ना मॅडम, सारखं..." तर त्यांनी मला हातानंच थांबवलं. "हिच्यासमोर हिच्याबद्दल बोलायचं नाही. बोलायचं तर हिच्याशी." आणि मग ऋचाकडे वळून विचारलं, "हातांची आग होते का गं?" तोवर तिला कुणी हे विचारलं नव्हतं. तिनं मान हलवली आणि रडायला लागली.

वसुधाताई आईवडिलांशी फार गोड बोलत नसत. धीर देणं त्यांना जमत नसे. 'सगळं ठीक होईल' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पण मुलांकडून जे करून घ्यायचं ते त्या आधी स्वतः करत. दाराची कडी ऋचानं धरायची असली की पहिल्यांदा त्या धरत. मग दोघी हात न धुता समोरासमोर बसत, आणि वसुधाताई सांगत, "भीती येईल. येऊ दे. बसू दे तिला. आपण काही केलं नाही की तिला कंटाळा येतो." पहिल्यांदा पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. वर्षभर हे चाललं. त्या फेब्रुवारीत दोघी गोरखीजवळच्या एका हातगाडीवर गेल्या आणि हात न धुता, हातानं कचोरी खाऊन आल्या. ऋचाच्या बोटांना वास येत होता आणि ती हसत होती. मी त्या वासाचे हात माझ्या गालाला लावून घेतले.

आणि पुढच्याच महिन्यात सगळ्या देशाला सांगण्यात आलं की हात धुवा.

टीव्हीवर तेच, भिंतींवर तेच, कुणाला फोन लावला तरी आधी तेच. ऋचा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "देखा? मी सही होते ना! तुम्ही सगळे मिळून मला पागल म्हणत होता." माझे यजमान नोकरीनिमित्त नागपूरला होते, ते तिथेच अडकले. शाळा बंद. पोस्ट ऑफिस मात्र सुरू, त्यामुळे मला रोज जावं लागे. शिंदे की छावनीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती दिवसभर एकटी आणि मी दिवसभर लोकांच्या हातातली पाकिटं हातात घेणारी. पहिल्या आठवड्यात मी घरी आल्यावर अंघोळ करावी एवढंच तिचं म्हणणं होतं, ते बरोबरच होतं. दुसऱ्या आठवड्यात दोन अंघोळी. मग माझं ताट वेगळं, माझी खोली वेगळी, मी दारात उभी राहून बोलायचं. "आई, तू दूर से बोल ना, प्लीज." एप्रिल संपता संपता ती मला शिवेनाशी झाली. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यांतून रक्त येई, आणि टाकीतलं पाणी दुपारीच संपतं म्हणून खालचे घरमालक ओरडत होते.

मी केंद्रात फोन करत होते. तिथं कुणी उचलत नव्हतं, कारण तिथं कुणी नव्हतंच. बाहेरच्या रुग्णांची तपासणी बंद झाली होती. मुलांची ती खोली स्वॅब घेण्यासाठी दिली होती. तिला बाहेरून वेगळं दार होतं, म्हणून तीच सोयीची. खेळणी पोत्यांत भरून कुठल्याशा कपाटावर गेली. वसुधाताईंना घरीच राहिलेल्या कोरोना रुग्णांची फोनवरून चौकशी करण्याच्या कामावर बसवलं होतं. मुलांसाठी वेगळं कुणी उरलं नव्हतं. कुणाचा दोष म्हणावा असंही ते नव्हतं. त्या दिवसांत जे सगळ्यात मोठ्यानं ओरडत होतं तिकडे सगळे धावत होते, आणि मुलं ओरडत नव्हती.

शेवटी एका दुपारी वसुधाताईंचा मोबाइल लागला आणि माझा तोल गेला. "तुम्हीच शिकवलंत ना तिला, हात धुऊ नको म्हणून? आता मी काय सांगू तिला? सांगा ना!" माझ्या मागे काउंटरवर रांग होती, लोक बघत होते. मग त्या म्हणाल्या, "मला आत्ता माहीत नाही, अंजली. दोन दिवस दे मला." मला त्यांचा भयंकर राग आला. आज वाटतं, त्या काळात मला खरं सांगणारं ते एकच माणूस होतं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "नियम बदलावा लागेल. आधी न धुणं हा अभ्यास होता. आता जेवढं सगळ्यांना सांगितलंय तेवढंच, त्याच्या वर जराही नाही. तिची भीती आता खोटी नाही, पण तिला हद्द आहे. तिला फोन दे." फोन कसा देणार? तो रोज माझ्याबरोबर पोस्टात जाऊन येई; ऋचा त्याच्या जवळसुद्धा येत नव्हती. मी हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या घराला जिना आहे ना? वेगळा?" मी म्हटलं, आहे.

दुसऱ्या दिवशी, आपलं फोनचं काम संपवून, रुग्णालयाचं ओळखपत्र गळ्यात अडकवून त्या चालत आल्या. रस्त्याकडचं दार लावून घेतलं आणि जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसल्या. ऋचा वरच्या पायरीवर. मला त्यांनी स्वयंपाकघरात पिटाळलं, पण जिना दगडी, आवाज घुमायचा, त्यामुळे थोडंफार कानावर पडेच.

"मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. घरी ऐंशीची आई आहे माझी."

"मग कशाला आलात?"

"भीती वाटते म्हणून मास्क लावलाय, लांब बसलेय, घरी जाऊन अंघोळ करणार आहे. एकदाच. तेवढं केलं की माझं काम संपलं. पुढचं माझ्या हातात नाही, मग पुढची ड्यूटी मी का करू?"

आठवड्यातून दोनदा त्या येत. उन्हाळा असा की जिन्याच्या भिंतींना हात लावला तर चटका बसे. कधी ऋचा बाहेरच येत नसे; मग त्या अर्धा तास नुसत्या बसून निघून जात, आणि जाताना खालून ओरडून सांगत, "मी आले होते, हं!" कधी ती दोन पायऱ्या उतरे, कधी पुढच्या वेळी पुन्हा वर. जूनमध्ये हात धुणं निम्म्यावर आलं, मग एकदम वाढलं. माझा धीर सुटला, वसुधाताईंचा सुटला नाही, किंवा सुटला असेल तर त्यांनी दाखवलं नाही. आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी ऋचा कंगवा घेऊन माझ्या दारात आली, पाठ करून बसली आणि म्हणाली, "आई, वेणी घालून दे." चार महिन्यांनी मी तिच्या केसांना हात लावत होते. नंतर वसुधाताईंना फोन करून एवढंच सांगितलं, की आज तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली. "घट्ट नको घालू," त्या म्हणाल्या, "नाहीतर पुन्हा म्हणेल नको."

पुढे एकदा मी त्यांचे आभार मानायला गेले तेव्हा त्यांनी मला जे ऐकवलं ते मी अजून विसरले नाही. "आभार कशाचे मानतेस? मुरारच्याही पलीकडे एक मुलगा होता माझ्याकडे येणारा. सहा वर्षांचा. दोन वर्षं खपून आठ शब्द बोलायला लागला होता. त्याच्याकडे नाही जाता आलं. फोन बंद, घर सोडून कुठे गेले माहीत नाही. तुझ्या मुलीकडे आले, कारण तुमचं घर चालत येण्याइतकं जवळ होतं. बस्स, एवढंच कारण." त्या चिडल्या नव्हत्या. साखर घातलेल्या चहात आणखी एक चमचा साखर घालत होत्या.

केंद्र पुन्हा सुरू झालं ते जुन्या खोलीत नाही. दुसऱ्या एका विभागाची खोली मंगळवार आणि शुक्रवार दुपारची मिळाली. आणि मुलं तर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. खोलीबाहेर न येणारी, शाळेचं नाव काढलं की ओकारी होणारी, घरातलं माणूस गेल्यावर बोलणंच थांबलेली. तारीख तीन-तीन महिन्यांनंतरची मिळे. त्यांच्या मदतनिसाची एक जागा होती, ती रिकामी झाली ती भरलीच नाही. त्या गर्दीतसुद्धा वसुधाताईंना खुपत होती ती न आलेली मुलं. जुन्या कागदांवरचे फोन नंबर लागत नव्हते, पत्ते तेवढे होते. "तू पोस्टातली ना," त्या मला म्हणाल्या, "चल, पत्रं टाकू." मी पोस्टकार्डं काढली तर त्यांनी ती परत केली. "उघडं नको. गल्लीत सगळे वाचतात. आंतरदेशीय पत्रं आण." चार शनिवार आम्ही दोघींनी बसून हिंदीत पत्रं लिहिली. मजकूर मुद्दाम असा, की आजाराचं नाव नाही, फक्त केंद्र कधी उघडं असतं ते, आणि शेवटी 'आप आइए, मैं हूँ'. बरीच परत आली, पत्ता अपुरा, घर सोडून गेले. काही मात्र पोचली. भिंडकडच्या एका खेड्यातून एक आई मुलीला घेऊन आली, ते निळं पत्र पदराच्या गाठीत बांधून. आठ शब्दांच्या त्या मुलाचं पत्र परत आलं नाही. तोही आला नाही. शेवटपर्यंत आला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी काम कमी करायला सांगितलं तेव्हा त्यांनी मंगळवार सोडला, शुक्रवार ठेवला.

त्या गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात प्रकाशनं मला बोलावून एक डायरी दिली. ताईच्या पिशवीत होती, म्हणाला, केंद्रात पोचवाल का? पुढचे अडीच महिने त्यांच्या अक्षरात भरलेले होते. ज्यांना तारखा दिल्या त्या घरांना वसुधाताई गेल्याचं माहीत नव्हतं. रुग्णालयानं झाशीहून एका तरुण मानसतज्ज्ञ मुलीला तात्पुरतं बोलावलं होतं, शुक्रवारपुरतं. मी रजा टाकली आणि ऋचालाही, तोवर ती इथेच थांबली होती, बरोबर नेलं. डायरी कागदात गुंडाळून नेली. आतलं वाचण्याचा माझा हक्क नव्हता. बाहेर बाकावर तीन-चार कुटुंबं बसलेली होती. एक मुलगी भिंतीकडे तोंड करून.

त्या तरुण मुलीनं डायरी उघडली आणि त्या दिवसाचं पान काढलं. प्रत्येक नावापुढे एक-एक ओळ होती. पहिली तिनं नकळत मोठ्यानं वाचली. "हिला नाव आधी विचारू नये. खिडकीपाशी बसते." तिनं आमच्याकडे पाहिलं, ऋचाकडे, माझ्याकडे. उठली, भिंतीलगतची खुर्ची खिडकीपाशी सरकवली, आणि दार उघडायला गेली.