झाडलेलं नाक

ये गं सुमन, अशी जवळ बस. आणि मेडिकलवरून आणलेली ती अँटिबायोटिकची गोळी आधी खाली ठेव. नाक चोंदलं की गोळी! माझी भाची असून एवढं कळत न्हाय? माकणीच्या रुक्मिणबाईंचं असंच झालं होतं.

तेव्हा मी उमरग्याला कान-नाक-घशाच्या दवाखान्यात सिस्टर होते. कॉलेज न्हाय काही, तिथंच बघून बघून शिकले. रुक्मिणबाई काळा मसाला करून विकायच्या. मसाला भाजायचा तर नाक लई तिखट असावं लागतं. यांचं वर्षानुवर्षं चोंदलेलं, वास पार गेलेला. दगडफूल करपलं तरी पत्ता न्हाय. गिऱ्हाईक तुटायला लागलं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "कल्चर करू." म्हणजे नाकातला पू बशीत ठेवून कोणते जंतू वाढतात ते बघायचं. रिपोर्ट आला. काहीच वाढलं नव्हतं!

मॅडमनी विचारलं, "बाई, येण्याआधी काही औषध घेतलंत?"

"व्हय की. गोळ्यांचा कोर्स केला, नाक धुतलं. तुमी आत बघणार, मग घाण कशी दाखवायची? पाहुणं येणार म्हणलं की घर झाडतोच की!"

मला हसू आवरेना. मॅडमनी मात्र बजावलं, "गोळ्या बंद. मी सांगेन तेव्हा परत या, घर न झाडता."

या वेळी जंतू सापडले. मॅडमनी विचारलं, "रांजणात आतून बुळबुळीत थर धरतो, तो नुसत्या पाण्यानं जातो?"

"छे! घासावं लागतंय."

"सायनसमध्ये जंतू तसाच थर करून बसलेत. गोळीनं वरचे मरतात, आतले परत वाढतात. शिवाय नाकात चांगले जंतू असतात, विरजणासारखे. ते उगाच मरतात."

काय समजावणं ते! मी इतकी वर्षं तिथं, पण त्या दिवशी मलाही नीट कळलं. मग दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, रिपोर्ट बघून औषध दिलं. घरी मात्र उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं रोज नाक धुवायचं. बाईंनी ते कधी चुकवलं न्हाय.

एकदा तपासणीला बाकड्यावर बसल्या होत्या. एकदम ओरडल्या, "सिस्टर, कुणाचा चहा करपला गं?"

माझाच होता. मॅडम तपासणी सोडून बाहेर आल्या, बाईंचा हात धरून नुसत्या हसत राहिल्या.

तर डॉक्टरकडं जाताना घर झाडू नये. उद्याच दाखवून घे, आणि लवकर ये परत. रुक्मिणबाईंचा मसाला आलाय, आमटी करते. वास आला तरच वाढीन.