दादाचा पट्टा आणि माझी चेन

डॉक्टरने साखर वाढल्याचं सांगितलं आणि माझ्या भावाला सायकलचं वेड लागलं. तोवर तो ठाण्यातल्या त्याच्या सोसायटीतून कोपऱ्यावर दूध आणायला जायचा तरी मोटार बाहेर काढायचा. वेड लागल्यावर मात्र सगळं एकदमच आलं. हेल्मेट, हातमोजे, पावडर विरघळवून प्यायची बाटली, आणि ती घट्ट चड्डी, जी घालून माणसाने जिन्यात शेजाऱ्यांना भेटू नये. सायकलही साधी नव्हती. तिला चेनच नव्हती. चेनच्या जागी एक काळा, आतून दातेरी पट्टा होता, आणि त्या पट्ट्याबद्दल दादा असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, चाकाचा शोध याच्या घरी लागला.

मी भिवंडीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी पेशंटच्या घरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं आणि बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये पोचवायचं. हे मी सायकलवर करते, कारण धामणकर नाक्यावर टेम्पो, रिक्षा आणि कापडाच्या ताग्यांनी लादलेल्या हातगाड्या एकमेकांत अडकून बसतात तेव्हा तिथून फक्त सायकलच निघू शकते. तीही कधीकधी उचलून. सायकल जुनी, लेडीज, चेनवाली. त्या चेनचं मी कौतुक करणार नाही. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, शेड आहेत आणि रस्त्यावर कायम सुताचे धागे उडत असतात. ते मागच्या चाकाच्या दात्यांत गुंडाळले जातात, घट्ट बसतात आणि मग ब्लेडने कापून काढावे लागतात. पावसात चेन गंजते, उन्हाळ्यात तिच्यावर धूळ आणि तेलाचं काळं लोणी बसतं. माझ्याकडे एकही सलवार अशी नाही जिच्या उजव्या पायाला तो डाग नाही.

दादाने पहिल्यांदा ती सायकल दाखवायला आणली तेव्हा त्याची नजर आधी त्या डागावर गेली.

"हात लाव," तो म्हणाला. "पट्ट्यावरून बोट फिरव. बघ, काही लागतंय का?"

मी बोट फिरवलं. काही लागलं नाही.

"तेल नको, पाणी नको. गंज नाही, आवाज नाही. पांढरी पँट घालून चालव. चेन म्हणजे मागच्या शतकातली गोष्ट झाली, बाई."

"दादा, पट्ट्याचं मला काय सांगतोस?" मी म्हटलं. "आपण पट्ट्यांवरच वाढलो."

बाबांचे लूम होते. मोटर वर, लूम खाली आणि मधे फिरणारा पट्टा. हवा दमट झाली की तो सैल पडायचा, लूम मंदावायचा, आणि बाबा राळेचा खडा घेऊन चालत्या पट्ट्यावर घासत उभे राहायचे. राळेचा वास त्यांच्या शर्टाला जेवतानासुद्धा यायचा. दादाला तो शेड कधीच सोसला नाही. तो कानात बोळे घालून अभ्यास करायचा आणि नोकरी लागताच खाडीपलीकडे गेला, तो गेलाच.

"तो पट्टा वेगळा," दादा म्हणाला. "यात कार्बन आहे."

"कार्बन पेन्सिलीतही असतो."

यावर तो इतका वेळ बोलला की चहावर साय आली.

त्याचा एक ग्रुप होता. ठाण्यातली मोठ्या पगाराची माणसं, दर रविवारी कुठेतरी सायकली घेऊन जाणारी. त्यांच्या म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. एका थंडीत त्यांचं वज्रेश्वरीला जायचं ठरलं आणि वाटेत नाश्ता माझ्याकडे, असं दादाने परस्पर जाहीर केलं. सकाळी माझ्या अंगणात ती फौज उतरली. पोहे खाताना विषय एकच: कुणाची सायकल किती हलकी. बोल्ट बदलून हलकी केलेली, सीट बदलून हलकी केलेली. सायकलचा एकेक ग्रॅम कमी करणाऱ्या त्या गृहस्थांची पोटं मात्र जशीच्या तशी होती, आणि पोह्यांची परात दोनदा रिकामी झाली.

कॅप्टन माझ्या सायकलपाशी उभे राहिले. "व्हिंटेज!" ते म्हणाले आणि हसले. मग दादाला विचारलं, "तुमची बहीण लग्न करून इथे आली का? तुम्ही तर मूळचे ठाण्याचेच ना?"

दादा पोह्यांतली मिरची बाजूला काढत होता. ती त्याने फार काळजीपूर्वक काढली.

मी रिकाम्या बशा गोळा केल्या. पण कॅप्टन जेव्हा थट्टेने म्हणाले, "ताई, तुम्हीही चला की आमच्याबरोबर," तेव्हा मी रक्ताचा रिकामा डबा कॅरिअरवरून सोडला, ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मी हो म्हणेन अशी कुणाची कल्पना नव्हती.

भिवंडी-वाडा रस्ता कसा आहे हे इथल्यांना सांगायला नको. आधी खड्डे, मग खड्डे बुजवायला टाकलेली खडी, मग त्या खडीचे उडालेले ढीग. ते लोक दर खड्ड्याला एकमेकांना हात करून इशारे देत होते. खड्डे इतके होते की हात खाली घ्यायला सवड मिळेना. माझी चेन करकरत होती, बाकीच्यांच्या चेन बारीक सुरात गात होत्या, आणि दादा सगळ्यांच्या मधून आवाज न करता चालला होता. मधूनमधून मागे वळून माझ्याकडे बघायचा. म्हणजे, ऐक, काही ऐकू येतंय का?

अंबाडीचा नाका मागे टाकून आम्ही वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलो. पुढे एक चढ आला. दादा पेडलवर उभा राहिला, जोर लावला आणि टक् असा आवाज झाला. त्याचा पाय एकदम खाली गेला, सायकल तिरकी झाली आणि तो कडेच्या मातीत जाऊन कसाबसा थांबला. मागे रस्त्यावर पट्टा पडला होता. एका ठिकाणी सरळ तुटलेला.

सगळे जमले. खडी दात्यांत अडकली, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, चाक काढताना पट्टा पिरगळला असणार, आतले धागे तेव्हाच तुटले असणार. तिसऱ्याच्या मते कंपनीचा दोष. प्रत्येकाच्या पिशवीत चेन जोडायची हत्यारं होती, जोडकड्या होत्या, आणि ती सगळी हत्यारं त्या पट्ट्यापुढे निरुपयोगी होती. चेनची एक कडी तुटली तर ती काढून बाकीची जोडता येते. पट्टा अखंड असतो. तो तुटला की नवा आणायचा, आणि नवा अंबाडीला मिळत नाही, भिवंडीलाही नाही.

मग त्यांनी फोटो काढले. तुटलेल्या पट्ट्याचा, पट्टा हातात घेतलेल्या दादाचा आणि शेवटी सगळ्यांचा मिळून. फोटो झाल्यावर कॅप्टननी घड्याळ बघितलं.

"आम्हाला वेळेत परतायचंय," ते म्हणाले. "तुम्ही मॅनेज कराल ना? बहीण आहेच बरोबर."

"हो हो, तुम्ही निघा," दादा म्हणाला.

ते निघालेसुद्धा. एकानेही मागे वळून बघितलं नाही. खड्डा आला की हात तेवढे वर होत होते.

दादाला चालता येईना. त्याच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायचे लोखंडी खिळे होते, डांबरावर पाय घसरायचा. चार पावलं तो बदकासारखा चालला आणि थांबला.

"बस मागे," मी म्हटलं.

"डबलसीट? वेडी आहेस का?"

"मग राहा इथेच, कॅप्टन परत येईपर्यंत."

तो बसला. एका हाताने माझी सीट धरली, दुसऱ्या हाताने त्याच्या सायकलचं हँडल, आणि ती महागडी सायकल आमच्या शेजारून गुपचूप चालायला लागली. पन्नाशी ओलांडलेली बाई पेडल मारतेय, मागे चकचकीत चड्डीतला तिचा थोरला भाऊ. एका घरापुढे वाल सोलत बसलेल्या बाईने सूप खाली ठेवलं आणि शेजारणीला हाक मारली, "ये गो, ह्ये बघ काय चाललंय!"

थोडं पुढे गेल्यावर माझी चेन पडली. एवढं ओझं तिने आजवर वाहिलं नव्हतं. मी उतरून काटकी शोधायला लागले, तोवर दादाने हातमोजे काढले, गुडघ्यावर बसला आणि बोटांनीच चेन धरून दात्यांवर चढवली. पेडल उलटं फिरवलं, चेन बसली. त्याच्या दोन्ही हातांना काळं लोणी लागलं. त्याने ते आधी गवताला पुसलं आणि मग, विसरून, त्या चड्डीला.

"त्यांना का नाही सांगितलंस?" मी पुन्हा पेडल मारताना विचारलं. माझं तोंड रस्त्याकडे होतं म्हणून विचारता आलं.

"काय?"

"आपण इथले म्हणून."

त्याने शेजारची सायकल एका खड्ड्याच्या कडेने वळवून घेतली. मग म्हणाला, "त्यांना भिवंडी म्हणजे फक्त गोडाऊन आणि ट्रॅफिक वाटतं. एकदा सांगितलं की जन्मभर त्यावरच जोक."

"आणि न सांगितल्याने काय मिळालं? टाकून गेलेच ना?"

"गेले," तो म्हणाला. "मलाही वाटलं होतं, एक तरी थांबेल."

त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मी विषय सोडून त्याला सीट घट्ट धरायला सांगितलं.

अंबाडीच्या नाक्यावर सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानदाराने पट्टा हातात घेऊन हुंगला, का ते त्यालाच ठाऊक. "फॉरेनचा माल! ह्यात काय दम न्हाय," त्याने निकाल दिला. मग छातीठोकपणे म्हणाला की आपण जुन्या ट्यूबची पट्टी कापून तारेने बांधू, सायकल ठाण्यापर्यंत जाईल. त्याने बांधली. दादाने पेडल मारलं, तार सुटून दुकानदाराच्याच नडगीला लागली. मग तो म्हणाला, लूमचा पट्टा बसेल. लूमच्या पट्ट्याला दाते नसतात एवढंही त्याच्या ध्यानात येईना. ग्रुपवाल्यांना पुस्तकी ज्ञानाचा माज होता आणि याला अडाणीपणाचा. दोघांच्या मधे माझा भाऊ उभा होता, काळ्या हातांनी.

शेवटी भिवंडीला सूत घेऊन जाणारा एक टेम्पो मिळाला. ड्रायव्हरने दोन्ही सायकली मागे चढवल्या आणि दादाला नखशिखांत न्याहाळत विचारलं, "कहाँ के हो, साहब?"

"यहीं के," दादा म्हणाला. "भिवंडी." मग आपणहून पुढे सांगितलं, "हमारे भी लूम थे."

"अच्छा? किधर?"

आणि घरापर्यंत ते दोघे लूमवर बोलत राहिले. कानात बोळे घालणाऱ्या माणसाला इतकं आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

नवा पट्टा परदेशातून यायला कित्येक आठवडे लागले. तोवर ती सायकल माझ्या ओटीवर उभी होती. आल्यावर तो मी इथेच बसवून घेतला, आणि दादा न्यायला येईपर्यंत मी ती चालवली. खरं ते सांगते. फार छान चालते. तेल नाही, करकर नाही, त्या दिवसांत एकाही सलवारीला डाग पडला नाही. धागे तिच्यातही गेले, पण गुंडाळले गेले नाहीत. फक्त आमच्या गल्लीत तिची शांतता कामाची नाही. माझ्या चेनची करकर ऐकून बकऱ्यासुद्धा बाजूला होतात. या सायकलवर मला सारखी घंटी वाजवावी लागली, आणि तरी एक हातगाडीवाला दचकून ओरडला, "भूत की तरह मत आओ, मॅडम!"

दादाने ग्रुप सोडला. ग्रुपवर त्याच्या फोटोखाली बरेच विनोद झाले होते, भिवंडीच्या रस्त्यावरून काही, पट्ट्यावरून काही. त्याने उत्तर दिलं नाही, बाहेर पडला. आता रविवारी एकटाच कशेळीच्या पुलावरून येतो आणि आम्ही दोघं पडघ्याच्या बाजूला जाऊन येतो.

पट्ट्याचं व्याख्यान मात्र थांबलेलं नाही. परवा म्हणाला, "तुझ्यासाठी एक घेऊ या. रोज सकाळी फिरतेस, तुलाच खरी गरज."

"आणि सकाळी सातला तुटला तर?" मी म्हटलं. "डब्यात लोकांचं रक्त, लॅब लांब. पट्टा परदेशातून येईपर्यंत पुढच्या पेशंटला उपाशी ठेवू का?"

"तुटत नाही गं रोज."

"चेनही तुटत नाही. पडते. मग बसवायची."

"आणि सलवार?"

"सलवार धुता येते."

त्याने मान हलवली, जशी अडाणी माणसापुढे हलवतात तशी, आणि कार्बनवर बोलायला सुरुवात केली. मी गॅसवर चहा चढवला. आलं किसेपर्यंत तो 'गंज नाही, आवाज नाही'पर्यंत पोचला होता.